मॅकडोनाल्ड वेधशाळेला पहिल्यांदा जाताय? आधी तिथी बघा, मग गाडी काढा

दर लाँग वीकेंडच्या आधी कोणी ना कोणी मला विचारतंच, की ती वेस्ट टेक्सासमधली दुर्बिणींची जागा कशी आहे, मुलांना न्यावं का, आईबाबा भारतातून आलेत त्यांना झेपेल का. फोनवर तेच तेच सांगून आता तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. आम्ही आत्तापर्यंत चार वेळा गेलो, त्यातली पहिली खेप पूर्ण वाया गेली आणि बाकीच्या तीन मस्त झाल्या, त्यामुळे काय करू नये हे मला जरा जास्तच चांगलं माहितीये.

आधी थोडक्यात काय आहे ते. मॅकडोनाल्ड वेधशाळा ही युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिनची. (हो, आमच्या धाकट्यालाही बर्गरच वाटलं होतं.) टेक्सासच्या पश्चिम टोकाला डेव्हिस माउंटन्स नावाचे डोंगर आहेत, त्यातल्या माउंट लॉक आणि माउंट फाउक्स या दोन शिखरांवर मोठ्या दुर्बिणी आहेत आणि पायथ्याशी पब्लिकसाठी व्हिजिटर सेंटर. जवळचं गाव फोर्ट डेव्हिस, तिथून १६ मैल. माउंट लॉकची उंची ६७९१ फूट, म्हणजे २०७० मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा चारशेएक मीटर जास्तच. फरक इतकाच की इथे थेट वरपर्यंत गाडी जाते, टेक्सासमधला सगळ्यात उंचावरचा हायवे हाच.

सगळ्यात मोठी चूक लोक अशी करतात की ट्रिप दिवसाच्या हिशोबाने आखतात. शुक्रवारी निघू, शनिवारी पोचू, संध्याकाळी काय ते बघू, रविवारी परत. अहो पण बघायचं ते रात्री आहे! त्यामुळे रात्र आधी ठरवायची आणि तिथून उलटं मागे येत झोप, जेवण, ड्रायव्हिंग, सुट्टी हे सगळं बसवायचं.

तारीख कशी ठरवायची

इथे स्वयंपाकघरात लावलेलं कालनिर्णय कामाला येतं. गंमत नाही करत. चंद्र आकाशात असला की बारीक तारे आणि आकाशगंगा गेलीच म्हणून समजा, त्यामुळे चंद्र नसलेली संध्याकाळ शोधायची. वद्य सप्तमीपासून पुढे चंद्र इतका उशिरा उगवतो की वेधशाळेतला रात्रीचा आकाश दाखवायचा कार्यक्रम संपेपर्यंत तो येतच नाही. संकष्टीचा उपास करणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको, चतुर्थीलाच चंद्रोदयासाठी भुकेल्या पोटी किती ताटकळायला लागतं ते त्याला चांगलं ठाऊक असतं, आणि पुढे रोज साधारण पाऊण-पाऊण तास उशीर वाढत जातो. अमावस्येनंतर शुद्ध तृतीया-चतुर्थीपर्यंतही चालतं कारण कोर लवकर मावळते. म्हणजे महिन्यातले बारा-तेरा दिवस मिळाले. कालनिर्णयमधल्या वेळा भारतातल्या, आपण इथे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे, त्यामुळे कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो पण त्याने काही बिघडत नाही.

आमची पहिली खेप भर पौर्णिमेची. मी वीकेंड बघितला, हॉटेल बघितलं, ऑफिसची सुट्टी बघितली, चंद्र तेवढा बघितला नाही. आठ तास गाडी हाकून गेलो आणि वर आख्खं दुधाळ आकाश, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. कोजागरीचं दूध प्यायला झकास रात्र होती, तारे बघायला शून्य.

बरं चंद्रच बघायचा असेल तर? तरी पौर्णिमा नकोच. शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपास जा. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराची जी सीमा असते तिथे विवरांच्या सावल्या लांबच लांब पडतात आणि दुर्बिणीतून ते बघताना पोरं ओरडतात. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नाहीत, नुसता पांढरा दिवा. लहान मुलं असतील तर मी खरं तर हीच तिथी सुचवेन, कारण सहा वर्षाच्या पोराला धूसर दीर्घिकेपेक्षा (म्हणजे गॅलक्सीपेक्षा) खड्डे भरलेला चंद्र शंभर पटीने जास्त आवडतो.

आणि आई जर म्हणाली की अमावस्येला प्रवासाला निघू नये, तर वाद घालू नका. चतुर्दशीला निघा. तसाही एक दिवस प्रवासातच जातो.

ऋतूचं म्हणाल तर माझं मत ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमधे त्या भागात पावसाळा असतो, रोज दुपारी ढग जमतात आणि गडगडाट, रात्री कधी उघडतं कधी नाही. डिसेंबर-जानेवारीत आकाश सुंदर पण थंडी हाडं गोठवणारी. मार्चमधलं स्प्रिंग ब्रेक टाळाच, अख्खं टेक्सास तिथे लोटतं. आणखी एक, फोर्ट डेव्हिस सेंट्रल टाइममधे आहे पण पार पश्चिम टोकाला, त्यामुळे जूनमधे सूर्य मावळायलाच रात्रीचे नऊ वाजतात, मग अंधार व्हायला आणखी तास, म्हणजे कार्यक्रम संपून मुक्कामी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. लहान मुलं असतील तर हा हिशोब आधीच करून ठेवा. हिवाळ्यात हेच सगळं जेवणाच्या वेळेपर्यंत आटोपतं.

बुकिंग

मुख्य आकर्षण म्हणजे स्टार पार्टी. पार्टी नावापुरती, नाचगाणं काही नाही, रात्री सगळ्यांनी मिळून दुर्बिणींतून आकाश बघायचं. आठवड्यातल्या ठरावीक रात्रीच असते, बहुतेक करून मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार, पण जायच्या आधी वेधशाळेच्या वेबसाइटवर कॅलेंडर बघाच कारण सीझनप्रमाणे बदलतं. तिकीट ऑनलाइन आधी काढायचं, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. अमावस्येच्या जवळचे शनिवार सगळ्यात आधी संपतात. माझा सल्ला मंगळवारचा, सुट्टी एक दिवस जास्त टाकायला लागते पण गर्दी कमी, रांगा कमी, आणि दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला निवांत चार प्रश्न विचारता येतात.

ढग आले तर कार्यक्रम रद्द होत नाही, आतमधे दुसरं काहीतरी दाखवतात, आणि आकाश दिसलं नाही म्हणून पैसे परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून जमलं तर त्या भागात दोन रात्री मुक्काम ठेवा. तिकीट एकाच रात्रीचं असलं तरी दुसऱ्या रात्री मोटेलबाहेर खुर्ची टाकून बसलात तरी शहरात जन्मात दिसणार नाही एवढं दिसतं.

स्टार पार्टीशिवाय आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. एक म्हणजे दिवसाची गायडेड टूर, यात मोठ्या दुर्बिणींच्या घुमटात नेतात आणि सूर्याचं लाइव्ह चित्र पडद्यावर दाखवतात. दुसरी म्हणजे स्पेशल व्ह्यूइंग नाइट, त्यात ३६ इंची, ८२ इंची किंवा १०७ इंची दुर्बिणीला चक्क डोळा लावून बघायला मिळतं. ही महाग आहे, मोजक्याच रात्री असते आणि वयाची अट असते, त्यामुळे पहिल्या खेपेला याच्या मागे लागू नका. पण एकदा गोडी लागली की सोडूही नका, एवढ्या मोठ्या संशोधनाच्या दुर्बिणीतून सामान्य माणसाला बघू देणाऱ्या जागा जगात फारच कमी.

मुक्काम फोर्ट डेव्हिसमधे. हजारेक वस्तीचं गाव, हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे तिकिटाबरोबर त्याच दिवशी रूमही बुक करा. गावाजवळ डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्क आहे, तिथे तंबू लावता येतो आणि तिथलंच इंडियन लॉज हे १९३० च्या दशकातलं मातीच्या विटांचं हॉटेल, आईबाबांना फार आवडलं, बाबा म्हणाले आपल्या गावच्या वाड्यासारख्या जाड भिंती आहेत. जागा नाही मिळाली तर अल्पाइन किंवा मार्फा, दोन्ही वीस-पंचवीस मैलांवर. पण मग रात्री तेवढं जास्त ड्राइव्ह करायचंय हे लक्षात ठेवा.

रस्ता

ऑस्टिनहून साडेसहा-सात तास, डॅलसहून आठ, ह्यूस्टनहून नऊ धरा, आणि हे नुसतं चालत्या गाडीचं, शू आणि चहा वेगळा. ऑस्टिन-ह्यूस्टनवाल्यांना आय-टेन हायवे, डॅलसवाल्यांना आय-ट्वेंटीने मिडलंड, ओडेसा, पेकोस करून हायवे १७ ने खाली. ओडेसा-पेकोस पट्ट्यात तेलवाल्यांचे अजस्र ट्रक असतात, तिथे अंधार पडायच्या आत पार व्हा. आय-टेनला तिकडे ८० ची स्पीड लिमिट आहे, रस्ता सरळसोट, आजूबाजूला काहीच नाही, झोप येते. दोघं ड्रायव्हर असाल तर बरं. विमानाने यायचं तर मिडलंड किंवा एल पासो, आणि तिथून गाडी भाड्याने. एल पासो माउंटन टाइममधे आहे! म्हणजे तिथून निघालात की फोर्ट डेव्हिसला पोचेपर्यंत घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं, या नादात एका मित्राची स्टार पार्टी अर्धी हुकली.

पेट्रोल फोर्ट स्टॉक्टनला किंवा पेकोसला फुल करायचं आणि फोर्ट डेव्हिसमधे परत टॉप अप. वर वेधशाळेत पंप नाही. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा कारण नेटवर्क मधेच गायब होतं. तिकिटाचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा.

एच-वन-बी, एफ-वन वगैरे व्हिसावाल्यांनी हे वाचाच. हा मेक्सिकोच्या बॉर्डरजवळचा भाग आहे. एल पासोकडून आय-टेनने येताना सिएरा ब्लांकाजवळ, आणि ट्रिप वाढवून खाली बिग बेंड नॅशनल पार्कला गेलात तर परतताना अल्पाइन, मार्फा, मॅरेथॉन यांच्या दक्षिणेला बॉर्डर पेट्रोलचे चेकपोस्ट असतात. बहुतेक वेळा एक-दोन प्रश्न विचारून सोडतात पण पासपोर्ट, व्हिसाचे कागद, आय-नाइन्टीफोरची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रिंट गाडीत हाताशी ठेवा, सगळ्यांचे, आईबाबांचेही. डिकीत बॅगेच्या तळाशी नको. ग्रीन कार्ड असेल तर ओरिजिनल.

खाणंपिणं

या बाबतीत अगदी आईच्या भूमिकेत शिरून सांगतो, डबा न्या. फोर्ट डेव्हिसमधे रेस्टॉरंट थोडी, लवकर बंद होतात आणि आठवड्यातले काही दिवस उघडतच नाहीत. शाकाहारी असाल तर बीन बरिटो मिळतो पण रिफ्राइड बीन्समधे बरेचदा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि इलेक्ट्रिक केटल नेतो, झालंच तर रेडीमेड उपम्याची पाकिटं. थर्मासमधे चहा मात्र मस्ट. रात्री दहा वाजता, कुडकुडत, आल्याचा चहा, वर आकाशगंगा. सांगून कळणार नाही ते सुख.

पाणी भरपूर प्या, उंचीवर आणि कोरड्या हवेत डोकं दुखतं.

कपडे आणि उजेड

पुण्या-मुंबईहून ह्यूस्टनला येऊन राहिलेल्या माणसाला थंडी या विषयाचा काही अंदाज नसतो. दिवसा टीशर्टवर फिरलात म्हणून रात्री तेच चालेल असं नाही, जूनमधेसुद्धा जॅकेट लागतं. तिथे तुम्ही चालत नसता, दोन तास उभे किंवा दगडी बाकावर बसलेले असता, त्यामुळे तापमान जे दाखवतं त्याच्यापेक्षा दोन कपडे जास्त घाला. नोव्हेंबर ते मार्च कानटोपी, हातमोजे, जाड मोजे, थर्मल. बाकावर अंथरायला घोंगडी किंवा जाड चादर. आईला शाल. साडी नेसून येणाऱ्या काकूंना आतून थर्मल पँट घालायला सांगा, लाजायचं काम नाही, अंधारात कोण बघतंय.

आता उजेड. नवखे लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात आणि आजूबाजूच्यांचे शिव्याशाप खातात. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती घालवायला मोबाइलचा एक सेकंदाचा पांढरा उजेड पुरतो. मग पुन्हा वीस मिनिटं. आणि नुसती तुमची नाही, शेजारच्या पन्नास लोकांची. म्हणून मोबाइल खिशात. स्मार्टवॉच काढून ठेवा किंवा थिएटर मोडवर टाका. टॉर्च लागलाच तर लाल उजेडाचा, लाल प्लॅस्टिक रबरबँडने बांधलं तरी चालतं. मुलांचे चालताना चमकणारे बूट! हे कोणाच्याच लक्षात येत नाही, आमच्याही आलं नव्हतं, आमचं पोरगं अख्ख्या रांगेत डिस्को करत फिरलं आणि मी अंधारात तोंड लपवत होतो. गाडीचे हेडलाइट ऑटोवर असतात ते बंद कसे करायचे, आतला दिवा कसा बंद होतो, हे घरी मॅन्युअलमधे बघून ठेवा, पार्किंगमधे शोधत बसू नका.

हा अंधार आपोआप टिकलेला नाही हेही सांगायला पाहिजे. वेधशाळेच्या भोवतालच्या सात काउंट्यांमधे बाहेरचे दिवे खाली तोंड करून झाकलेले असले पाहिजेत असा कायदा २०११ मधे झाला, आणि २०२२ मधे या सगळ्या भागाला, मेक्सिकोतला काही भाग धरून, ग्रेटर बिग बेंड इंटरनॅशनल डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून मान्यता मिळाली, पंधरा हजार चौरस मैलांहून मोठा. भारतात राहणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मधे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळालाय, नागपूरवाल्यांना तर ते घरचंच.

त्या दिवशी

दुपारी झोपा. सक्तीने. मुलांनाही झोपवा. मग चार-पाचला वर जाऊन दिवसाचं बघून घ्या, म्हणजे रस्ता आणि पार्किंगही उजेडात कळतं.

दिवसा वर गेलात की तीन दुर्बिणी नीट बघा. सगळ्यात जुनी ८२ इंची ऑटो स्ट्रूव्ह, १९३९ ची, तेव्हा जगात दुसऱ्या नंबरची मोठी. तिच्यामागची गोष्ट भारी आहे. विल्यम जॉन्सन मॅकडोनाल्ड नावाचा टेक्सासमधल्या पॅरिस गावचा एक अविवाहित बँकर १९२६ मधे वारला आणि मृत्युपत्रात बहुतेक सगळी इस्टेट वेधशाळा बांधायला युनिव्हर्सिटीच्या नावे करून गेला. नातेवाईक कोर्टात गेले, म्हणे खगोलशास्त्राला पैसा देणारा माणूस शुद्धीवर असूच शकत नाही. शेवटी तडजोड होऊन युनिव्हर्सिटीला आठेक लाख डॉलर मिळाले. आता पैसा आला पण युनिव्हर्सिटीत खगोलशास्त्रज्ञच नव्हते! मग शिकागो युनिव्हर्सिटीशी करार केला, तुमची माणसं आमची दुर्बीण. याच दुर्बिणीवर जेरार्ड कायपर या खगोलशास्त्रज्ञाने १९४८ मधे युरेनसचा मिरांडा आणि १९४९ मधे नेपच्यूनचा नेरिड हे चंद्र शोधले, नेपच्यूनपलीकडचा कायपर बेल्ट ज्याच्या नावाने आहे तोच हा कायपर.

दुसरी १०७ इंची हारलन स्मिथ, १९६८ ची. हिच्या आरशाला बंदुकीच्या गोळ्यांची भोकं आहेत. खरंच. फेब्रुवारी १९७० मधे तिथल्याच एका कर्मचाऱ्याचं मानसिक संतुलन ढळलं आणि त्याने पिस्तूल काढून सरळ आरशावर गोळ्या झाडल्या. त्याला वाटलं असेल काच फुटून चुरा होईल, पण तो जाडजूड फ्यूज्ड सिलिकाचा आरसा, नुसते खळगे पडले आणि प्रकाश जेमतेम एक टक्का कमी झाला. दुर्बीण आजही चालू आहे. मुलांना ही गोष्ट आधी सांगू नका, तिथेच सांगा.

तिसरी हॉबी-एबर्ली, माउंट फाउक्सवर, दहा मीटरची. हिचा आरसा एकसंध नाही, एकेक मीटरचे ९१ षटकोनी आरसे मधाच्या पोळ्यासारखे जोडलेत. आणि खुबी म्हणजे ती वरखाली हलतच नाही, ५५ अंशावर कायमची बसवलीये, नुसती गोल फिरते आणि तारा सरकला की वरचा उपकरणांचा भाग त्याच्या मागे जातो. त्यामुळे खर्च एकदम कमी झाला. हाच आराखडा पुढे नेऊन दक्षिण आफ्रिकेत साल्ट नावाची दुर्बीण बांधली आणि तिच्यात आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेची भागीदारी आहे. म्हणजे काचेमागच्या गॅलरीतून हॉबी-एबर्ली बघताना पुणेकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही, तशीही त्यांना कारण लागत नाही.

अंधार पडल्यावर

वेळेच्या अर्धा तास तरी आधी पोचा. आधी सगळ्यांना ॲम्फीथिएटरमधे बसवतात आणि हिरव्या लेझरने आकाशाची ओळख करून देतात. इथे आपल्या लोकांना एक फायदा आहे, नक्षत्रं आपल्याला नावाने माहिती असतात, फक्त कुठली कुठे ते माहिती नसतं. तो माणूस ओरायन म्हणाला की आईच्या कानात मृग सांगायचं, सिरियस म्हणजे व्याध, अल्डेबरन रोहिणी, प्लायडीज कृत्तिका, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण, कॅसिओपिया शर्मिष्ठा. आमची आई पहिल्यांदा आली तेव्हा इंग्लिश कॉमेंटरी तिला कळत नव्हती, पण कृत्तिकांवर लेझर गेला तशी ती माझ्याआधी बोलली. सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधती दाखवा, लग्नात भटजींनी दाखवलेली असते पण मांडवातल्या लायटिंगमुळे कोणालाच दिसलेली नसते. ध्रुव इथे तीस अंशावर, पुण्यात साडेअठरा, वर सरकलेला लगेच जाणवतो. उलट अगस्ती इथे हिवाळ्यात दक्षिणेला क्षितिजाला चिकटून सहा-सात अंशच वर येतो, डोंगर आडवा आला तर तोही नाही.

मग दुर्बिणींकडे सोडतात. बऱ्याच दुर्बिणी मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर एकेक वस्तू लावलेली, प्रत्येकीपुढे रांग. सगळेजण आधी शनी किंवा गुरूच्या रांगेत धावतात, तुम्ही दुसरीकडून सुरू करा, शनी तासाभरात पळून जात नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी शिडी टाळावी, शिडी न चढता, अगदी व्हीलचेअरवर बसूनही बघता येईल अशी दुर्बीण तिथे आहे, स्टाफला विचारा.

डोळा लावताना दुर्बीण पकडायची नाही. हाताचा धक्का लागला की चित्र गेलं आणि मागचे चाळीस लोक थांबले. मुलांना हात मागे बांधायला सांगा, एक डोळा मिटता येत नसेल तर हाताने झाकायला सांगा. नुसता नंबर असेल तर चष्मा काढून बघता येतं, फोकस जुळवून देतात, सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा राहू द्या. आणि पाच सेकंदात बाजूला होऊ नका! पहिल्या नजरेत काही दिसत नाही, पंधरा-वीस सेकंद बघत राहा, मग तपशील उमटायला लागतात. अंधुक वस्तू असेल तर तिच्याकडे सरळ बघायचं नाही, किंचित बाजूला नजर ठेवायची, कडेच्या नजरेला अंधारात जास्त दिसतं.

आणि फोटोसारखं काही दिसेल ही आशा घरीच ठेवून या. तेजोमेघ, म्हणजे नेब्युला, लाल-निळे नसतात, राखाडी असतात, कारण कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. देवयानी दीर्घिका म्हणजे धुरकट डाग. रिंग नेब्युला म्हणजे कोणीतरी सिगरेटचं वलय सोडून गेल्यासारखा. देवयानी बघून माझा भाचा म्हणाला, मामा एवढंच? मी म्हटलं बाबा रे, तो डाग पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे, तो उजेड निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी जेमतेम दगड फोडायला शिकत होता, आणि तो एवढा चालत येऊन थेट तुझ्या डोळ्यात पडला. तो गप्प झाला, मग परत रांगेत जाऊन उभा राहिला. शनी मात्र निराश करत नाही, २०२५ मधे त्याची कडी अगदी कडेवरून दिसत होती, रेघच नुसती, आता पुढची काही वर्षं ती दरवर्षी जास्त उघडत जाणार. एम थर्टीन किंवा असा कुठलाही तारकागुच्छ लावलेला असेल तर त्या रांगेत जाच, काळ्या मखमलीवर साखर सांडल्यासारखं दिसतं.

मोबाइल दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावून फोटो काढत बसू नका. चंद्राचा निघतो, बाकी कशाचा निघत नाही आणि रांग खोळंबते.

संपल्यावर लगेच पार्किंगकडे पळू नका. सगळ्यांचे हेडलाइट जाऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा प्या. मग उतरा, हळू. रस्ता वळणांचा, दिवे नाहीत, आणि हरणं आणि हावेलिना नावाची रानडुकरासारखी जनावरं रस्त्यात येऊन नुसती उभी राहतात. एक हरीण ओलांडून गेलं की दुसरं मागे असतंच असं धरून चाला. ज्याने दुपारी झोप काढली त्यानेच गाडी चालवायची, त्याच रात्री ऑस्टिनला परत निघायचा शहाणपणा करू नका.

दुसऱ्या दिवशी उशिरा उठा. परतीच्या वाटेवर हायवे १७ ने वर जाताना बाल्मोरिया स्टेट पार्क लागतं, तिथे जमिनीतल्या झऱ्यावर बांधलेला प्रचंड पोहण्याचा तलाव आहे, बारा महिने पाणी बहात्तर-शहात्तर फॅरेनहाइट, तळाशी मासे दिसतात. उघडं आहे का आणि पास लागतो का ते आधी ऑनलाइन बघून घ्या, आणि पोहायचे कपडे बॅगेत सगळ्यात वर ठेवा, आम्ही दर वेळी ते दशम्यांच्या डब्याखाली शोधतो.